हर्श्को, अव्राम

हर्श्को, अव्राम : (३१ डिसेंबर १९३७ – ). हंगेरीत जन्मलेले इझ्राएली जीवरसायनशास्त्रज्ञ. कोशिकेला नको असलेल्या प्रथिनांवर युबिक्विटीन या लहान प्रथिनाची खूण जोडली जाते व अशी खूण असलेली प्रथिने निवडून नष्ट केली जातात, या शोधाबद्दल हर्श्को, त्यांचे विद्यार्थी ॲरन चेखानोव्हर आणि अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ अर्विन रोझ यांना २००४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कोशिकेत प्रथिने कशी तयार होतात, हा विसाव्या शतकाच्या मध्यातील जीवविज्ञानाचा प्रमुख प्रश्न होता. ती नाहीशी कशी होतात, या प्रश्नाकडे मात्र फारच थोड्या संशोधकांचे लक्ष होते. हर्श्को यांनी १९७० च्या सुमारास हा दुसरा प्रश्न हाती घेतला आणि आपली पुढील सर्व कारकीर्द त्यालाच वाहिली.

पूर्वायुष्य व शिक्षण : हर्श्को यांचा जन्म बूडापेस्टच्या पूर्वेस असलेल्या कार्ट्सग या लहान शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे मूळ हंगेरियन नाव फेरेंत्स. वडील मोशे हे ज्यू मुलांच्या प्राथमिक शाळेत शिक्षक होते. दुसऱ्या महायुद्धात वडिलांना सक्तीच्या मजुरीसाठी रशियन आघाडीवर नेण्यात आले व तेथे ते सोव्हिएट सैन्याच्या हाती सापडले. मार्च १९४४ मध्ये जर्मन सैन्याने हंगेरीचा ताबा घेतल्यावर त्या देशातील चार लाखांहून अधिक ज्यूंना काही आठवड्यांत हद्दपार करण्यात आले. त्यांपैकी बहुतेकांची रवानगी आउश्विट्स येथील छळछावणीत झाली. सोल्नोक येथून निघालेल्या काही गाड्या मात्र ऑस्ट्रियाकडे वळविण्यात आल्या. सहा वर्षांचे हर्श्को, त्यांचे थोरले बंधू व आई अशाच एका गाडीत होते. त्यामुळे त्यांना व्हिएन्नाजवळच्या एका खेड्यात शेतमजुरांच्या वस्तीत ठेवण्यात आले व ते वाचले. १९४५ च्या वसंत ऋतूत सोव्हिएट सैन्याने त्यांची मुक्तता केली. युद्धानंतर वडीलही परतले. काही वर्षे बूडापेस्टमध्ये काढून हे कुटुंब १९५० साली इझ्राएलमध्ये गेले आणि जेरूसलेम येथे स्थायिक झाले.

१९५६ मध्ये हर्श्को यांनी जेरूसलेमच्या हिब्रू विद्यापीठाच्या हडासा वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. वैद्यकाचे शिक्षण चालू असतानाच त्यांना जीवरसायनशास्त्राची गोडी लागली व १९६० मध्ये ते जेकब मागर यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. मागर यांचा व्यासंग विस्तृत होता आणि प्रयोगाच्या काटेकोरपणाविषयी ते आग्रही होते. निष्कर्ष काढण्यापूर्वी त्याला छेद देऊ शकतील असे सर्व तुलनात्मक प्रयोग करून पाहण्याची शिस्त हर्श्को यांना येथे लागली. १९६५ मध्ये वैद्यकाची पदवी मिळाल्यावर त्यांनी दोन वर्षे सैन्यात वैद्य म्हणून काम केले. त्यानंतर रुग्णसेवेकडे न वळता ते मागर यांच्याकडे परतले व १९६९ मध्ये त्यांनी पीएच्.डी. पदवी संपादन केली. या काळातील त्यांचे काम प्रामुख्याने रक्तातील तांबड्या कोशिकांच्या चयापचयाविषयी (शरीरात सतत होणाऱ्या भौतिक व रासायनिक घडामोडींविषयी) होते. या कोशिकांच्या हाताळणीचा त्यांना पुढे फार उपयोग झाला. त्यांचे बंधू खाइम हर्श्को हे रक्तविकारतज्ञ असून शरीरातील लोहाच्या चयापचयावरील संशोधनाबद्दल ते प्रसिद्ध आहेत.

प्रश्नाची पार्श्वभूमी : शरीरातील प्रथिने एकदा तयार झाली की, इमारतीच्या विटांप्रमाणे दीर्घकाळ तशीच राहतात व अन्नातील प्रथिने मुख्यतः इंधन म्हणून वापरली जातात, असा समज १९३० पर्यंत रूढ होता. जर्मनीतून अमेरिकेत आलेल्या रूडोल्फ शनहायमर यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तो खोडून काढला. त्यांनी नायट्रोजनाचा जड समस्थानिक (अणुक्रमांक तोच पण अणुभार भिन्न असलेला त्याच मूलद्रव्याचा प्रकार) असलेली ॲमिनो अम्ले उंदरांना खाऊ घातली. पूर्ण वाढलेल्या व वजन स्थिर असलेल्या उंदरांतही या नायट्रोजनाचा मोठा भाग शरीरातील प्रथिनांत शिरलेला आढळला. याचा अर्थ प्रथिने सतत मोडत व पुन्हा घडत असतात. शनहायमर १९४१ मध्ये निधन पावले व शरीरघटकांच्या या गतिशील अवस्थेविषयीचे त्यांचे पुस्तक १९४२ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाले.

पुढील दोन दशकांत प्रथिनांच्या घडणीचे कोडे उलगडत गेले. मोडणीच्या बाबतीत १९५५ मध्ये क्रिस्तीआन द दूव्ह या बेल्जियन शास्त्रज्ञांनी लायसोसोम हे कोशिकांग वर्णन केले. पटलाने वेढलेल्या या सूक्ष्म पिशवीत प्रथिनांचे अपघटन (रेणूचे लहान रेणूंत तुकडे होण्याची क्रिया) करणारी एंझाइमे (जीवरासायनिक विक्रियांचा वेग वाढविणारी प्रथिने) कोंडलेली असतात. त्यामुळे प्रश्न सुटला असे अनेकांना वाटले. तथापि दोन गोष्टींचा मेळ बसत नव्हता. एक म्हणजे, एकाच कोशिकेतील निरनिराळ्या प्रथिनांची आयुर्मर्यादा फार भिन्न असते. काही प्रथिने मिनिटांत नाहीशी होतात, तर काही कित्येक दिवस टिकतात. समोर येईल ते पोटात घेणाऱ्या पिशवीत अशी निवड कशी होणार, हे स्पष्ट होत नव्हते. दुसरी गोष्ट ऊर्जेची होती. १९५३ मध्ये मेल्व्हिन सिम्पसन यांनी उंदराच्या यकृताच्या पातळ कापांवर प्रयोग केले. ऊर्जानिर्मिती थांबविली असता प्रथिनांपासून ॲमिनो अम्ले सुटी होण्याची क्रियाही मंदावते, असे त्यांना दिसले. हे अनपेक्षित होते. प्रथिनातील ॲमिनो अम्लांना जोडणारे पेप्टाइड बंध तुटताना ऊर्जा बाहेर पडते. जठर व आतडे यांतील पाचक एंझाइमे हे बंध बाहेरून ऊर्जा न घेता तोडतात. मग कोशिकेच्या आत त्याच कामासाठी ऊर्जा का खर्च व्हावी? या प्रश्नाचा पाठपुरावा जवळजवळ वीस वर्षे झाला नाही.

सॅन फ्रॅन्सिस्को येथील काम : १९६९ मध्ये हर्श्को कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रॅन्सिस्को शाखेत गॉर्डन टॉमकिन्स यांच्याकडे गेले. टॉमकिन्स यांच्या प्रयोगशाळेत टायरोसीन ॲमिनोट्रान्सफरेज या यकृतातील एंझाइमाची निर्मिती स्टेरॉइड हॉर्मोनांमुळे कशी वाढते, याचा अभ्यास चालू होता. तेथील बहुतेक संशोधक निर्मितीच्या बाजूने काम करीत होते. हर्श्को यांनी त्याच एंझाइमाच्या नाशाचा अभ्यास निवडला. प्रयोगशाळेत वाढविलेल्या यकृत-कर्ककोशिकांना त्यांनी पोटॅशियम फ्ल्युओराइड हे ऊर्जानिर्मिती रोखणारे द्रव्य दिले, तेव्हा एंझाइमाचा नाश थांबला. १९७१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सिम्पसन यांचे जुने निरीक्षण आता एका विशिष्ट प्रथिनाच्या बाबतीत खरे ठरले होते. ज्या अर्थी ऊर्जा लागते त्या अर्थी ही क्रिया साध्या पचनाहून वेगळी असली पाहिजे व निवडीचे रहस्य या ऊर्जेच्या गरजेतच दडलेले असावे, अशी हर्श्को यांची धारणा झाली.

हैफा येथील प्रयोगशाळा : १९७२ मध्ये हर्श्को हैफा येथील टेक्निऑन या इझ्राएलच्या तंत्रविज्ञान संस्थेत सहयोगी प्राध्यापक झाले. तेथील वैद्यकीय विद्याशाखा नवीन होती व जीवरसायनशास्त्र विभागाची उभारणी त्यांच्याकडे आली. त्या काळी जैव रसायनशास्त्राचा ओघ जनुकांच्या अभ्यासाकडे वळला होता. हर्श्को यांनी मात्र जुनी अभिजात जीवरासायनिक पद्धत अवलंबिली. कोशिका फोडून तिचा अर्क काढावयाचा, अर्कात अपेक्षित क्रिया चालू ठेवावयाची, अर्काचे भाग पाडावयाचे आणि कोणता भाग वगळल्यास क्रिया थांबते व कोणता परत मिसळल्यास ती पुन्हा सुरू होते हे पाहावयाचे, असे या पद्धतीचे स्थूल स्वरूप आहे. महत्त्वाचा पण मोठ्या प्रयोगशाळांनी अद्याप हाती न घेतलेला विषय निवडावा, हा सल्ला ते पुढे तरुण संशोधकांना देत असत. त्याचा प्रत्यय त्यांच्या स्वतःच्या कारकीर्दीत येतो.

या पद्धतीसाठी अखंड कोशिकेबाहेर चालणारी प्रणाली हवी होती. ती १९७७ मध्ये हार्व्हर्ड वैद्यकीय महाविद्यालयातील जोसेफ एटलिंगर व ॲल्फ्रेड गोल्डबर्ग यांनी तयार केली. त्यांनी सशाच्या रक्तातील रेटिक्युलोसाइट या अपक्व तांबड्या कोशिका वापरल्या. या कोशिकांत लायसोसोम नसतात, तरीही त्यांत सदोष हीमोग्लोबिन झपाट्याने नष्ट होते. त्यांच्या अर्कात प्रथिनांचे अपघटन होते व ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट (एटीपी) हा ऊर्जावाहक रेणू मिसळला असता ते वाढते, असे एटलिंगर व गोल्डबर्ग यांनी दाखविले. लायसोसोमांखेरीज दुसरी एखादी यंत्रणा अस्तित्वात आहे, हे त्यामुळे स्पष्ट झाले. परंतु ती कशाची बनली आहे, हे अज्ञात होते.

एक उष्णतास्थिर घटक : हैफा येथे जन्मलेले (१९४७) व वैद्यकाची पदवी घेतलेले ॲरन चेखानोव्हर हे १९७६ च्या सुमारास हर्श्को यांचे संशोधक विद्यार्थी झाले. दोघांनी रेटिक्युलोसाइट कोशिकांचा अर्क विद्युत् भारित सेल्युलोजाच्या स्तंभातून गाळून त्याचे दोन भाग केले. स्तंभाला न चिकटता खाली उतरणारा पहिला व स्तंभाला चिकटून नंतर लवणाच्या विद्रावाने सोडवून घेतलेला दुसरा. प्रथिने तोडणारे एंझाइम यांपैकी एका भागात सापडेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात दोन्ही भाग एकेकटे निष्क्रिय ठरले व एकत्र केल्यावरच एटीपीवर अवलंबून असलेले अपघटन पुन्हा सुरू झाले. म्हणजे येथे एकटे एंझाइम काम करीत नव्हते; अनेक घटकांची यंत्रणा होती.

पहिल्या भागात हीमोग्लोबिन विपुल असल्याने त्यातील क्रियाशील घटक वेगळा करणे अवघड होते. तो भाग सु. ९०° से. पर्यंत तापविला असता हीमोग्लोबिन व इतर प्रथिने साकळून खाली बसली. क्रियाशीलता मात्र वरच्या स्वच्छ द्रवात शाबूत राहिली. हा घटक सु. ८,५०० रेणुभाराचे एक लहान प्रथिन निघाले. उष्णतेने न बिघडणारे प्रथिन विरळाच आढळते. हे निष्कर्ष १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले व या घटकाला ‘एटीपी-आश्रित अपघटनाचा घटक १’ अशा अर्थाचे तात्पुरते नाव देण्यात आले.

अर्विन रोझ यांचे सहकार्य : १९७७-७८ मध्ये हर्श्को यांनी फिलाडेल्फिया येथील फॉक्स चेस कर्करोग केंद्रात अर्विन रोझ यांच्याकडे अभ्यासरजा व्यतीत केली. रोझ (१९२६–२०१५) हे एंझाइमांच्या विक्रियांची यंत्रणा उलगडण्यात निष्णात होते. प्रथिनांच्या अपघटनाला ऊर्जा का लागते, या प्रश्नात त्यांना बरीच वर्षे रस होता, परंतु त्याविषयी त्यांनी काहीही प्रसिद्ध केलेले नव्हते. या भेटीतून दीर्घकालीन सहकार्य निर्माण झाले व पुढील अनेक उन्हाळ्यांत हर्श्को व त्यांचे सहकारी फिलाडेल्फियात काम करीत राहिले.

निर्णायक प्रयोग १९७९-८० मध्ये झाले. लहान प्रथिनाला किरणोत्सर्गी आयोडीन जोडून ते दुसऱ्या भागात एटीपीसह मिसळले असता ते मोठ्या रेणुभाराच्या पदार्थांत गेल्याचे दिसले. हे प्रथिन एखाद्या एंझाइमाला सैलपणे चिकटून त्यास उत्तेजित करीत असावे, असा प्रथम तर्क होता. परंतु तीव्र अल्काने हाताळल्यावरही जोडणी तुटली नाही. म्हणजे ती सहसंयुजी बंधाने (अणूंमध्ये इलेक्ट्रॉनांची भागी होऊन तयार होणाऱ्या बळकट बंधाने) झालेली होती. विद्युत् संचारणाच्या साहाय्याने हे पदार्थ अलग केले, तेव्हा त्यांचे एकाऐवजी अनेक पट्टे मिळाले. नंतर लायसोझाइम हे सहज नष्ट होणारे प्रथिन किरणोत्सर्गी खुणेसह वापरले. त्यावरून असे आढळले की, लहान प्रथिन ज्याला जोडले जाते ते खुद्द नष्ट व्हावयाचे प्रथिनच होय. शिवाय एका लायसोझाइम रेणूवर या लहान प्रथिनाचे अनेक रेणू बसतात.

या निष्कर्षांनी मूळ कोड्याचा अर्थच बदलला. एटीपीची ऊर्जा पेप्टाइड बंध तोडण्यासाठी लागत नसून, कोणते प्रथिन तोडावयाचे याची खूण करण्यासाठी लागते, असे प्रतिमान हर्श्को, चेखानोव्हर, रोझ व सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मांडले. खूण झालेले प्रथिन नंतर एखादे अपघटनी एंझाइम ओळखते व त्याचे तुकडे करते. खुणेचे लहान प्रथिन अखंड सुटून पुन्हा वापरले जाते, असे त्यात गृहीत धरले होते. नंतरच्या संशोधनाने हे प्रतिमान मुख्य बाबतीत खरे ठरविले. मात्र अपघटनाच्या शेवटच्या टप्प्यातही ऊर्जा खर्च होते, हे पुढे दिसून आले.

युबिक्विटीन : त्याच वर्षी फॉक्स चेस केंद्रातील कीथ विल्किन्सन, मायकेल अर्बन व आर्थर हास यांनी हा घटक म्हणजे आधीच माहीत असलेले युबिक्विटीन हे प्रथिन असल्याचे सिद्ध केले. गिडीअन गोल्डस्टीन यांनी १९७५ मध्ये यौवनलोपी ग्रंथीतील द्रव्यांचा शोध घेताना ते वेगळे केले होते. अनेक ऊतकांत (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांत) ते आढळल्याने ‘सर्वत्र’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव पडले. त्याचे कार्य मात्र कळलेले नव्हते. कोशिकेच्या केंद्रकातील हिस्टोन या प्रथिनाला ते जोडलेले असते, हे १९७७ मध्ये दिसून आले होते. त्या जोडणीचे रासायनिक स्वरूप ठाऊक असल्यामुळेच हर्श्को यांच्या गटाला सापडलेल्या जोडणीशी तिचे साम्य लक्षात आले. युबिक्विटिनात ७६ ॲमिनो अम्ले असतात. मानवातील व यीस्टमधील युबिक्विटीन यांत केवळ तीन ॲमिनो अम्लांचा फरक आहे. उत्क्रांतीच्या प्रदीर्घ काळात इतके कमी बदललेले प्रथिन विरळाच.

तीन एंझाइमांची साखळी : १९८१ ते १९८३ या काळात हर्श्को व त्यांच्या सहकाऱ्यांनी खूण जोडण्याची यंत्रणा टप्प्याटप्प्याने उलगडली. त्यासाठी युबिक्विटीन रेणू सूक्ष्म मणिकांवर पक्के बसवून स्तंभ तयार केला व त्यातून कोशिकेचा अर्क सोडला. युबिक्विटिनाशी संबंध असलेली एंझाइमे स्तंभावर अडकली आणि निरनिराळ्या विद्रावांनी ती एकामागून एक सोडविता आली. अशी तीन एंझाइमे मिळाली व त्यांना ई-१, ई-२, ई-३ अशी नावे देण्यात आली. ई-१ हे एटीपीच्या साहाय्याने युबिक्विटिनाच्या टोकाचे ग्लायसीन हे ॲमिनो अम्ल क्रियाशील करते व त्याला आपल्या गंधकयुक्त गटावर धरून ठेवते. तेथून युबिक्विटीन ई-२ वर जाते. ई-३ हे नष्ट व्हावयाचे प्रथिन ओळखते आणि त्यातील लायसीन या ॲमिनो अम्लाला युबिक्विटीन जोडण्यास मदत करते. यांतील पहिली पायरी प्रथिनांच्या संश्लेषणात ॲमिनो अम्ले क्रियाशील होण्याच्या पायरीशी मिळतीजुळती आहे. मोडण्याच्या कामाची सुरुवात अशा प्रकारे घडणीसारख्याच विक्रियेने होते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

निवडीचा प्रश्न या रचनेने सुटला. मानवात ई-१ प्रकारची एंझाइमे दोन, ई-२ प्रकारची सु. ४० व ई-३ प्रकारची ६०० हून अधिक आहेत. प्रत्येक ई-३ ठराविक प्रथिनेच ओळखत असल्याने एका कोशिकेत शेजारीशेजारी असलेल्या दोन प्रथिनांचे भवितव्य पूर्णपणे भिन्न असू शकते. खूण झालेल्या प्रथिनांचा नाश करणारी रचना अन्य प्रयोगशाळांत हाती लागली. १९८६-८७ मध्ये मार्टिन रेक्स्टायनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठे एटीपी-आश्रित अपघटनी संकुल वेगळे केले. पोकळ पिंपासारख्या त्याच्या गाभ्याला १९८८ मध्ये प्रोटिअसोम हे नाव मिळाले. पिंपाच्या तोंडावरील टोपीसारखा भाग युबिक्विटिनाची साखळी ओळखतो, एटीपी खर्चून प्रथिनाची घडी उलगडतो व ते आत ढकलतो. आतील पोकळीत त्याचे तुकडे होतात. संपूर्ण संकुल एकाहून अधिक घटकांच्या एटीपी-आश्रित जुळणीतून तयार होते, हे हर्श्को यांच्या प्रयोगशाळेनेही दाखविले.

अर्कापासून जिवंत कोशिकेकडे : १९८४ पर्यंतचे बहुतेक पुरावे रेटिक्युलोसाइट कोशिकांच्या अर्कातून मिळालेले होते. परीक्षानळीत आढळलेली ही यंत्रणा जिवंत कोशिकेत कितपत महत्त्वाची आहे, अशी शंका घेण्यास जागा होती. ती मॅसॅचूसेट्स तंत्रविज्ञान संस्थेतील अलेक्झांडर व्हार्शाव्हस्की, डॅनियल फिन्ली व तेथे त्या वेळी संशोधन करीत असलेले चेखानोव्हर यांनी दूर केली. उंदराच्या कर्ककोशिकांचा एक उत्परिवर्तित प्रकार त्यांनी अभ्यासला. त्यातील ई-१ एंझाइम वाढत्या तापमानास निकामी होते. तापमान वाढविताच या कोशिकांतील अल्पायुषी प्रथिनांचा नाश बव्हंशी थांबला व कोशिकांचे विभाजनही अडखळले. व्हार्शाव्हस्की यांच्या गटाने पुढे यीस्टवरील आनुवंशिकीय प्रयोगांनी या यंत्रणेची विविध जैव कार्ये दाखवून दिली.

कोशिकाविभाजनाचा दुवा हर्श्को यांनीही उचलला. अमेरिकेतील वुड्स होल येथील सागरी जीवविज्ञान प्रयोगशाळेत ते अनेक उन्हाळे काम करीत. तेथेच टिम हंट यांना १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांत सागरी अर्चिनाच्या अंड्यांत सायक्लीन हे प्रथिन सापडले होते. प्रत्येक विभाजनाच्या वेळी ते साठत जाते व विभाजन पूर्ण होताना एकाएकी नाहीसे होते. हा नाश युबिक्विटिनाच्या मार्गे होतो, असे १९९१ मध्ये मायकेल ग्लॉट्झर, अँड्रू मरी व मार्क कर्शनर यांनी बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात दाखविले. हर्श्को यांनी शिंपल्याच्या वर्गातील एका सागरी प्राण्याच्या अंडकोशिकांचा अर्क घेऊन पुन्हा आपली विभागणीची पद्धत वापरली. १९९५ मध्ये सायक्लिनावर युबिक्विटिनाची खूण करणारे मोठे ई-३ संकुल त्यांच्या गटाने वेगळे केले व त्याला सायक्लोसोम हे नाव दिले. त्याच सुमारास कर्शनर यांच्या गटालाही ते स्वतंत्रपणे सापडले. गुणसूत्रांची विभागणी योग्य वेळीच व्हावी यासाठी हे संकुल कसे रोखून धरले जाते व कसे मोकळे केले जाते, हा हर्श्को यांच्या नंतरच्या संशोधनाचा मुख्य विषय राहिला.

वैद्यकीय महत्त्व : निवडक अपघटनाची ही यंत्रणा बिघडल्यास, नको ते प्रथिन टिकून राहते किंवा हवे ते अकाली नष्ट होते. गर्भाशयाच्या ग्रीवेच्या कर्करोगास कारणीभूत असलेल्या पॅपिलोमा व्हायरसाचे एक प्रथिन कोशिकेतील एका ई-३ एंझाइमास हाताशी धरते आणि अर्बुदांना आळा घालणारे पी-५३ हे प्रथिन नष्ट करविते. याच ई-३ एंझाइमाच्या जनुकातील दोषामुळे एंजेलमन लक्षणसमूह हा बालकांच्या मेंदूच्या वाढीतील विकार होतो, हे १९९७ मध्ये कळले. प्रोटिअसोमाचे कार्य रोखणारे बोर्टेझोमिब हे औषध अस्थिमज्जेतील बहुविध मायलोमा या कर्करोगावर वापरण्यास अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळाली. १९६० च्या सुमारास गर्भातील व्यंगांना कारण ठरलेले थॅलिडोमाइड हे औषध एका ई-३ संकुलाच्या सेरेब्लॉन या घटकाला चिकटते, असे २०१० मध्ये जपानी संशोधकांनी दाखविले. त्या वर्गातील नवीन औषधे या संकुलाला वेगळीच प्रथिने नष्ट करावयास लावतात व म्हणून मायलोमावर गुणकारी ठरतात. रोगकारक प्रथिनांवर मुद्दाम युबिक्विटिनाची खूण करवून घेणारी द्रव्ये तयार करण्याचे प्रयत्न याच तत्त्वावर आधारलेले आहेत.

सन्मान व मूल्यमापन : हर्श्को १९८० मध्ये टेक्निऑन येथे प्राध्यापक झाले व १९९८ मध्ये त्यांना विशिष्ट प्राध्यापकपद देण्यात आले. त्यांना इझ्राएल पारितोषिक (१९९४), कॅनडाचे गेर्डनर पारितोषिक (१९९९), चेखानोव्हर व व्हार्शाव्हस्की यांच्यासमवेत लास्कर पारितोषिक (२०००) आणि व्हार्शाव्हस्की यांच्यासमवेत वुल्फ पारितोषिक (२००१) हे सन्मान लाभले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे परदेशी सहयोगी म्हणून त्यांची २००३ मध्ये निवड झाली. हर्श्को व चेखानोव्हर हे विज्ञानातील नोबेल पारितोषिक मिळविणारे पहिले इझ्राएली नागरिक होत.

नोबेल पारितोषिक एका विषयात तिघांपेक्षा अधिक व्यक्तींना देता येत नाही. २००४ च्या निवडीत मूळ रासायनिक यंत्रणेच्या शोधाला महत्त्व दिले गेले. जिवंत कोशिकेतील तिचे कार्य उजेडात आणणारे व्हार्शाव्हस्की आणि कोशिकेबाहेरील पहिली प्रणाली व प्रोटिअसोमविषयक ज्ञान यांत मोलाची भर घालणारे गोल्डबर्ग (मृत्यू २०२३) यांचा समावेश त्यात होऊ शकला नाही. या शोधाच्या इतिहासात त्यांचे स्थान मात्र निर्विवाद आहे. हर्श्को यांच्या कार्याचा विशेष असा की, ते एका विसंगतीपासून सुरू झाले. जी क्रिया ऊर्जेवाचून घडावयास हवी तिला ऊर्जा का लागते, हा प्रश्न १९५३ पासून सर्वांसमोर होता. त्याकडे किरकोळ अपवाद म्हणून न पाहता हर्श्को यांनी तो लहानशा प्रयोगशाळेत, सशाचे रक्त व साध्या स्तंभांच्या साहाय्याने दहा वर्षे धरून ठेवला. प्रथिनांचा नाश हे कोशिकेचे केवळ सफाईचे काम मानले जात होते. तो प्रथिनांच्या निर्मितीइतकाच नियंत्रित असून कोशिकेच्या विभाजनाची वेळही त्यावर अवलंबून असते, ही जाणीव या संशोधनामुळे जीवविज्ञानात रुजली.